आम्ही बहिरे नाही

सदाशिव पेठेत, नागनाथपाराच्या जरा अलीकडे
एका दारावर पाटी आहे:
"बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही."
मी आहे.
त्या पाटीखाली उभी राहून एकदा इतकी हसले
की गॅलरीतून एक आजोबा वाकून काहीतरी बोलले.
काय ते कळलं नाही,
मिशा ओठांवर आल्या होत्या.

मला हे गाव आवडतं ते यासाठीच.
इथे माणसं लिहून भांडतात.
गाडी लावू नये, पत्ता विचारू नये,
एक ते चार आम्ही मेलो असं समजावे.
सगळा अपमान ठळक अक्षरांत, भिंतीला टांगलेला,
ऐकणाऱ्याला जेवढा, तेवढाच मला.
माझ्या वाट्याचा कुणी कमी केला नाही.

कामाचं मात्र सगळे तोंडाने बोलतात.
फलाट बदललाय. सही इथे नको, तिथे.
गाठीचं डॉक्टर माझ्या भावाशी बोलले,
गाठ माझी, मी मध्ये बसलेली.
घरी येऊन त्याने खुणेने सांगितलं: विशेष काही नाही.
दहा मिनिटं बोलले होते डॉक्टर.
मी घड्याळ पाहिलं होतं.

म्हणून बुधवारी एकटीच गेले.
सोनोग्राफीच्या खिडकीत चिठ्ठी दिली:
ऐकू येत नाही, नंबर आला की हात करा.
खळदकर बाईंनी वाचली, मान हलवली,
आणि सवयीने पुकारत राहिल्या.
मी बत्तीस.
माझ्यासमोरून एकेचाळीस आत गेला,
मग सत्तेचाळीस, मध्ये चहा पिऊन आलेला.

शेवटी बाई उठून आल्या, लालबुंद.
तोंड उघडलं, मिटलं.
माझ्याच केसपेपरच्या पाठीवर खसाखसा लिहिलं:
"बत्तीस! किती हाका मारायच्या?"
मग स्वतःचं अक्षर वाचून थबकल्या.
'हाका' खोडलं.
दुसरा शब्द सुचेना.
पेन तसंच हातात.

(पुढच्या खेपेला तिथे फळा होता,
खडूने नंबर, आणि खाली:
"इथे बघावे. खिडकीशी येऊन विचारू नये."
शोभली पेठेला.)

त्या दिवशी आत, डॉक्टरांसमोर
मी तोच कागद उलटा करून सरकवला.
त्यांनी भावाला शोधलं. तो नव्हता.
मग लिहिलं त्यांनी, सावकाश, वाचता येईल असं:
गाठ केवढी, कुठे, पुढे काय काय.
घाबरू नका, हेही लिहिलं.

मी घाबरले.
पहिल्यांदाच,
स्वतः वाचून.