सहा बोल्ट, नऊ पट्ट्या

कुपवाडच्या एमआयडीसीत, तापलेल्या पत्र्याखाली,
दस्तगीर शिकलगार भंगारातल्या पट्ट्या मोजून देतो:
नऊ.
बोल्ट सहा. वॉशर तो मोजत नाही.
मला उद्याच्या तासाला काहीतरी हवंय
मुलांच्या हातात द्यायला,
कारण फळ्यावरचा आलेख कितीही ढकला,
हलत नाही.

चार पट्ट्यांचा एक चौकोन त्यानं आधीच जोडून ठेवलाय,
हात रिकामे होते म्हणून.
कोपऱ्याला बोट लावलं की झुकतो,
दावण सैल पडलेल्या बाजेसारखा.
कर्ण टाकला की गप्प.
हे त्याला माझ्या प्रबंधाच्या आधीपासून ठाऊक आहे;
त्याच्या प्रत्येक फाटकाच्या पोटातून
एक तिरकी पट्टी जाते,
का म्हणून विचारलं तर म्हणतो,
"न्हाईतर लोंबतंय की."

मी भडंगाच्या कागदावर, तेलाचा डाग चुकवत,
हिशेब मांडते:
प्रत्येक बोल्टला दोन मोकळिकी,
आडवी एक, उभी एक.
सहा दुणे बारा.
त्यातल्या तीन सोडून द्यायच्या,
कारण अख्खी चौकट उचलून मिरजेला नेली
किंवा टेबलावर गोल फिरवली
तर त्याला हलणं म्हणत नाहीत.
उरल्या नऊ.
एकेक पट्टी एकेक मोकळीक खाते.
शिवाय कुठल्याच कोपऱ्यात गर्दी नको.
चार बोल्टांत पाचच पट्ट्या;
सहावी घुसली तर ती नुसती बसून राहणार,
आणि दुसरीकडं एक कमी पडणार.
"आमच्या सोसायटीत असले दोन संचालक हाईत," तो म्हणतो,
आणि पाना उचलतो.

दोन त्रिकोण, त्यांना जोडणाऱ्या तीन पट्ट्या.
आकृती मी रात्री जागून काढली होती,
देखणी:
त्रिकोण हुबेहूब,
तिन्ही जोड एका मापाचे, समांतर.
तो बोल्ट बसवतो, टेबलावर ठेवतो,
खालचा त्रिकोण तळव्यानं दाबून धरतो
आणि वरच्याला करंगळी लावतो.

डुलतं.

झोपाळ्याच्या पाटासारखा वरचा त्रिकोण
निवांत इकडून तिकडं.
मी पुन्हा मोजते. नऊ.
पुन्हा. नऊच.
मोजण्यात चूक असती तर बरं झालं असतं.
मिरजेकडं निघालेली मालगाडी
मागच्या रुळांवरून जात राहते, जात राहते,
तेवढा वेळ आम्ही दोघं
न बोलता त्या डुलण्याकडं बघतो.

"मॅडम, गणित बराबर हाय तुमचं.
पर समदं सारखं केलंय न्हवं, म्हनून."
तो वरच्या त्रिकोणाची एक बाजू सोडवतो,
दोन बोटं आत खडूची खूण करतो,
ड्रिल लावतो. लोखंडाचा कीस
माझ्या कागदावर पडतो, बाराच्या आकड्यावर.
आता ती बाजू आखूड.
बोल्ट भोकात जाईना;
चौकट जरा वळते, कुरकुरते, स्वतःची जागा शोधते,
आणि टक्.

तिरपं, कुरूप.
मी ढकलते. अंगठ्यानं, मग दोन्ही हातांनी.
नाही.

"साधारण स्थितीत" असं मी
प्रबंधाच्या प्रत्येक प्रमेयाआधी लिहिलं होतं,
पत्रात 'सप्रेम नमस्कार' लिहितात तसं,
वाचण्यासाठी नव्हे.
त्या दोन शब्दांत हेच होतं:
वेड्यावाकड्या मांडण्या जवळजवळ सगळ्या टिकतात;
दगा देतात त्या मोजक्याच,
ज्यांना आपण रात्री जागून
नीट करतो.

"किती झाले?"
"पट्ट्या भंगारातल्या, त्याचं काय घेऊ?
भोकाचं ऱ्हावूद्या धा रुपये."

स्कूटरच्या पायाशी चौकट उभी करून निघते.
विश्रामबागच्या फाटकापाशी थांबले तेव्हा दिसतं,
त्या आखूड पट्टीच्या टोकाला
माझं जुनं भोक तसंच आहे, रिकामं,
त्यातून समोरचा लाल दिवा दिसतोय.
उद्या पट्टी आधी तिथंच लावायची.
आधी डुलू द्यायचं.