शून्याकडून उसनं

चारशे तीन वजा एकशे अठ्ठ्याहत्तर.
फळ्यावर एवढंच आहे, आणि मिलाराय विचारते,
"बाई, शून्याकडं तर काहीच नाही.
मग त्याच्याकडून हातचा कसा घ्यायचा?"

सव्वीस वर्षं मी हे शिकवतेय
चिलोएच्या या बेटावर, जिथं शाळेत आता
सात मुलं, पाच इयत्ता आणि लाकडाची एक शेगडी.
सव्वीस वर्षं म्हणतेय, "पुढच्या घरून आणायचा, वाटेत नऊ ठेवायचे,"
आणि सव्वीस वर्षं मुलं मान हलवतात
जशी धक्क्याला बांधलेली होडी हलते,
जागची न हलता.

मिलाराय मान हलवत नाही.

रात्री शेगडीत ओंडका सारून
मी ग्रुपवर लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.
नऊशे मास्तर-मास्तरणी आहेत तिथं,
तिहुआनापासून पुन्ता अरेनासपर्यंत,
आणि या वयात त्यांना विचारायचं काय, तर वजाबाकी!
खाली पूर्ण नाव टाकलं, एदेलमिरा काउकामान.
तोंड लपवायचं तर विचारायचं कशाला.

पहिलं उत्तर आलं: जोडलेले हात, गुलाबाचं फूल.
दुसरी चाळीस पानांची फाइल, जी आमच्या नेटवर
उघडेपर्यंत भरती येऊन ओहोटी लागली.
तिसऱ्या एका साहेबांनी लिहिलं,
"सव्वीस वर्षं पगार घेतलात ना?"
मी फोन पालथा घातला. बटाटे सोलले.
लागणार होते त्याहून जास्त सोलले.

साडेअकराला उबाल्दोचा आवाज आला
होंडुरासच्या कुठल्याशा डोंगरातून;
मागं कुत्रं भुंकतंय, कुणीतरी भांडी घासतंय.
"बाई, आधी आकडे पुसा. मी मक्याची कणसं घेतली होती.
तुमच्याकडं काय पिकतं?"

आमच्याकडं बटाटे पिकतात. काळे, जांभळे,
म्हाताऱ्या बोटांसारखे वाकडे.
सकाळी शाळेत चार पोती, मोजून शंभराचं एकेक
(मोजताना मोठ्या पोरांनी दोनदा मारामारी केली),
टोपल्या सगळ्या रिकाम्या, तीन बटाटे सुटे.
"गिऱ्हाईक आलंय. एकशे अठ्ठ्याहत्तर दे."

मिलारायनं टोपलीत पाहिलं. सुट्यांकडं पाहिलं.
मग एका पोत्याची गाठ सोडली,
दहा टोपल्या भरल्या, एक सुट्यांत ओतली,
आणि राहिलेल्या नवांसमोर
मातीचे हात तसेच धरून उभी राहिली, बराच वेळ.
"हे होय," ती म्हणाली.
"शून्य गरीब नव्हतं. ते मागून आणायला गेलं होतं."

मी आभार मानले तर उबाल्दो म्हणतो,
"माझं नाही हो ते. उरुग्वेच्या एका बाईंनी टाकलं होतं,
झाली तीन वर्षं. आता त्या कुठं असतात, माहीत नाही."
मी बोटानं मागं मागं सरकवत गेले.
सापडल्या. त्यांचा शेवटचा फोटो:
धुतलेली डस्टरं, दोरीवर, चिमटे लावून.
खाली एक ओळसुद्धा नाही.

परवा उशिरा एका मुलीनं लिहिलं.
पहिलीच नोकरी, वाळवंटातलं खाणीचं गाव.
"वर्गातला एक मुलगा मार्चपासून
एक शब्द बोललेला नाही. मी काय करू?"
बऱ्याच जणांनी वाचलं. जोडलेले हात. गुलाब.

माझ्याकडं यावर काही नाही.
खरंच नाही, सगळ्या टोपल्या पाहिल्या.
ओंडका विझत आला होता, बाहेर वारा
पत्रा उचलून परत ठेवत होता.
मी लिहिलं, "थांब हं, पोरी.
शेजारी विचारून येते."