गणपूर्ती

एकशे चार फ्लॅट. खुर्च्या मांडल्या साठ.
आलो अकरा.
घरत सेक्रेटरींनी चष्मा पुसला, वहीत लिहिलं:
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
नियमाने अर्ध्या तासाने उरलेल्यांतच भरवता येते,
पण वेफर्स संपले होते.
विषय क्रमांक तीन, टाकीची सफाई,
घडी होऊन त्यांच्या खिशात गेला.

मी गच्चीवर गेले.
घणसोलीवर रात्र, पलीकडे महापेचे दिवे,
त्यांतच कुठेतरी माझी लॅब.
झाकण सरकवलं, टॉर्च मारला.
मोरब्याचं पाणी खाली उतरलेलं.
उघड्या पडलेल्या भिंतीवरून बोट फिरवलं.
बुळबुळीत.
म्हणजे यांची सभा
केव्हाच पार पडली होती.

एकटा जिवाणू काही करत नाही.
एक रेणू सोडतो पाण्यात: मी आहे.
पाणी तो घेऊन जातं
कुणाच्या तरी बादलीत, कुणाच्या कुकरमध्ये.
तो पुन्हा सोडतो.
त्याला डोळे नाहीत, हजेरीपट नाही.
आपलाच शब्द
किती दाट होऊन आपल्याकडे परत येतो,
एवढ्यावरून कळतं त्याला
आपण किती जण आहोत.
आणि कधीतरी, एका ठरावीक दाटपणाला,
सगळे एकदम चिकट होतात.
सूचक नाही, अनुमोदक नाही.
ठराव मंजूर.

दिवसभर मी हेच बोलणं तोडते.
पेशंटच्या नळीत साचलेल्या थरावर
थेंब थेंब टाकते असं काही
जे मारत नाही,
फक्त बहिरं करतं.
मग ते हजारोंनी असले तरी
प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच.

टाकीच्या कडेला बसून विचार आला:
आमच्या इमारतीला हा डोस
कुणी दिला, आणि कधी?

खाली येऊन लिफ्टशेजारी कागद चिकटवला.
'पाणी उकळून प्या. टाकी बघितली. ६०२.'
सही केली नाही. मग केली.

सकाळी दूध आणायला उतरले तर
खाली हिरव्या पेनाने:
'आमच्याकडे पण वास येतो. ३०४, कुरियाकोस.'
संध्याकाळी पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात:
'माझ्या नातवाला जुलाब. तांडेल, तळमजला.'
शुक्रवारी कुणीतरी नुसताच
फ्लॅटचा नंबर लिहून गेलं.

कागद अजून पातळ आहे.
जाता-येता मोजते.
नऊ.