हद्दीबाहेर

अभयारण्यात परवानगी मिळाली नाही.
बरंच झालं.
भीती तयार करायची तर
'अभय' लिहिलेल्या पाटीच्या अलीकडंच थांबावं,
असं सन्मती मगदूम म्हणाला
आणि दाजीपूरच्या हद्दीबाहेर, कारवीच्या रानात
आम्ही जनरेटर उतरवला.

माझं काम आवाजाचं.
त्याआधी महिनाभर शाहूपुरीतल्या खोलीत
दार लावून मी ऊस मोडत होतो.
हाडासाठी ऊसच लागतो, तोही पेरावर मोडलेला.
मांसासाठी ओलं गोणपाट, आत पिकून गेलेले पेरू.
खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यात विचारलं,
रसाचं दुकान कधी उघडताय?

दस्तगीर शिकलगार कोयता घेऊन आला.
म्हणाला, तीन पिढ्या धार लावली,
धार मारून द्या म्हणणारं
तुम्हीच पहिलं गिऱ्हाईक.
पण ते बोथट पातं त्यानं असं काही उजळलं
की बत्तीसमोर तेच सगळ्यात धारदार दिसे.
हे मी वहीत लिहून ठेवलं.

वहीत आणखीही आहे.
घराची दारं पहिल्या वीस मिनिटांत दाखवून टाका,
पुढं अंधारात प्रेक्षक स्वतःच ती मोजत बसतो.
जो मरणार आहे त्याला आधी
डब्यातली शेवटची भाकरी दुसऱ्याला देऊ द्या.
रक्त कमी.
किंकाळी मोठी नसते,
किंकाळीनंतर रातकिडे गप्प होतात
ते मोठं असतं.

सगळं होतं. मारेकरी मिळत नव्हता.
नाटकवाले चौघे आले, चौघांनी डोळे वटारले.
एक तर चिकटवलेल्या मिशीसकट धावत सुटला.
धावणारा माणूस दमतो
हे अख्ख्या कोल्हापुराला ठाऊक आहे,
मग भ्यायचं कशाला?

तेवढ्यात समोरून धुळू येडगे गेला.
खांद्यावर घोंगडं. आमच्याकडं बघितलं नाही,
झाडांच्या मधल्या काळोखात बघत होता.
एक पाऊल. थांबून कान.
मग दुसरं पाऊल.
पायात जुनं, तेल पाजलेलं कापशी पायताण.
कर्र
आणि पुढच्या कर्रच्या आधी इतकी मोकळी जागा
की हेडफोनमध्ये माझंच काळीज वाजलं.

काम करणार का, सन्मतीनं विचारलं.
कसलं?
कोयता घेऊन ह्या पोरांच्या मागं चालायचं.
काय केलंय त्यांनी माझं?

जनरेटर तेवढा बोलत राहिला.
पटकथेत त्या जागी एक जळालेलं घर होतं,
एक शाप, एक खुळी झालेली आई.
तिन्ही त्याला सांगितली.
धुळूनं तंबाखू मळली, झटकली.
ते ज्याचं त्याच्यापाशी, म्हणाला.
माझी एक म्हैस परवापास्नं आली न्हाई.
तिला बघत चालतो.
तुमचं काय काढायचं ते काढा.

तसंच काढलं.
चार रात्री तो म्हैस शोधत होता,
कोयत्यानं वाटेतली कारवी बाजूला सारत,
अधूनमधून घशातल्या घशात तिला साद घालत.
(ती साद मी हळू करून खाली लावली. शब्द कळत नाहीत.)
मेलेली पाच पोरं
टेम्पोमागं चहा पीत, त्याच्याकडं बघत
एकमेकांना चिकटून उभी असायची.

पहिला खेळ लक्ष्मीपुरीत.
तालमीची पोरं शिट्ट्या मारत आली होती.
अर्ध्या तासात भडंगाच्या पुड्या चुरचुरायच्या थांबल्या.
मध्यंतरानंतर बघितलं तर
ऐंशी-ऐंशी किलोचे गडी
पाय खुर्चीवर घेऊन बसलेले.

शेवटाला तो धुक्यातून पुन्हा येतो.
थांबतो. मान किंचित कलती करून
कान देतो.
मी थेटराचा श्वास ऐकायचा प्रयत्न केला,
नव्हताच.

फक्त पुढच्या रांगेत
घोंगडं मांडीवर घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यानं
पडद्यावरच्या त्या माणसाला
हळूच विचारलं,

घावली का?