सगळ्यात लहान आकडा

अयुथयाच्या बसथांब्यामागे माझं दुकान.
प्रानोमबाईंनी काउंटरवर शाळेचा संगणक ठेवला.
म्हणाल्या, सुरू व्हायला चार मिनिटं घेतो.
तक्रारीचा सूर नव्हता,
घरातल्या म्हाताऱ्याच्या जेवणाबद्दल सांगावं तसं.

मी चाचणी लावली.
प्रोसेसर सात पूर्णांक दोन. मेमरी सात पूर्णांक दोन.
ग्राफिक्स सहा पूर्णांक आठ.
हार्ड डिस्क पाच पूर्णांक नऊ.
एकूण गुण?
पाच पूर्णांक नऊ.
ही चाचणी सरासरी काढत नाही,
मागे राहिलेल्याचा आकडा
सगळ्यांच्या कपाळावर चिकटवते.

मागे लमयाई मावशी भाताचा डबा उघडून बसली होती.
एकोणीस वर्षं हिने
कालव्यापलीकडच्या कारखान्यात
पांढऱ्या झग्यात, फक्त डोळे उघडे ठेवून,
डिस्कची वाचणारी डोकी बसवली,
एकेक तांदळाच्या कणीहून लहान.
डोकं तबकडीला टेकत नाही, तरंगतं,
मध्ये धुराच्या कणालाही वाट नाही,
हे तिनं मला मी सात वर्षांचा असताना सांगितलं होतं
आणि मी आठवडाभर श्वास जपून घेतला होता.

घास गिळून ती म्हणाली,
"मंद नाही रे ती.
एक कागद या कपाटात, दुसरा त्या कपाटात,
तिसरा माळ्यावर,
आणि आणायला माणूस एकच.
पळून पळून किती पळेल?"

खरंच होतं.
लांबलचक फाइल एका दमात वाचायला द्या,
डिस्क बरी धावते.
पण शाळेचं काम असं एका दमाचं नसतं.
हजेरीपट, फॉन्ट, फीची पावती,
मध्येच जागा होणारा अँटीव्हायरस,
सगळे चिमूटभर तुकडे,
सांडलेले तीळ वेचावेत तसे.

साधी एसएसडी लावली.
चार मिनिटांचे सतरा सेकंद झाले.
मग मला हौस.
कपाटातली महागडी काढली, तिप्पट किमतीची,
पडद्यावर आकड्यांचे खांब छताला टेकले,
मी प्रानोमबाईंकडे पाहिलं, टाळीची वाट बघत.
संगणक सुरू झाला
सोळा सेकंदांत.

"म्हणजे तिप्पट पैशांत एक सेकंद?"
हिशेब ठेवणारी बाई ती.
साधीच घेऊन गेली,
जाताना दोन पेरू ठेवून गेली.

मावशी उघड्या पडलेल्या डिस्ककडे बघत राहिली.
मग आपणहून बोलायला लागली,
जे पुरानंतर कधी बोलली नव्हती.

कारखान्यातही फळा होता.
दर तासाला प्रत्येकीचा आकडा,
आणि ओळीचा आकडा
म्हणजे सगळ्यात मागच्या बाईचा.
बोनसही त्यावरच.
"शेवटच्या वर्षी तो माझा असायचा.
डोळ्यांत धूसर यायचं, एकाला दोन दिसायची.
सोळा जणी होत्या. कुणी एक शब्द काढला नाही.
फक्त डबा खाताना
माझ्या बाजूची जागा रिकामी राहायची."
मग पाणी आलं, कारखाना बुडाला,
"बरंच झालं," ती म्हणाली,
आणि लगेच,
"असं म्हणू नये."

मला काय बोलावं सुचेना.
पेरू कापला. तिखटमीठ लावलं.

तिनं डिस्क उचलून कानाशी धरली,
बंद डिस्कमध्ये काय ऐकू येणार?
म्हणाली, "ही फेकू नकोस.
तिला धावपळ देऊ नकोस, एवढंच.
काहीतरी लांब दे. सलग."

आता ती टेबलाखाली असते.
सुपात्राच्या लग्नाचा व्हिडिओ तिच्यावर आहे,
पावणेतीन तासांचा,
संध्याकाळी मावशी तो लावते,
लग्नाकडे तिचं फारसं लक्ष नसतं,
चप्पल काढून
ती तळपाय डब्याला टेकवून बसते,
आत काहीतरी फिरतंय
ते पायाला कळतं म्हणे.