फुटामागं एक सूत

उद्यमबागेत फौंड्रीच्या मागच्या गल्लीत
पत्र्याच्या खोलीत मी, माझा लॅपटॉप, त्यात लिनक्स.
काट्यापाशी चन्नव्वा बसतात, तिथलं मशीन विंडोजचं,
जुनं, कीबोर्डच्या फटींत मोल्डिंगची काळी वाळू.
ते माझ्याकडं आणता येत नाही,
दिवसभर त्याच्यावर पावत्या निघतात.
म्हणून इथं बांधायचं, तिथं चालवायचं.
बांधलेलं माझ्याकडं उघडतं, तेही एका नकली खिडकीत,
जिला काटा नाही, प्रिंटर नाही, वाळू नाही.

पहिल्या रात्री कंपायलरनं दोनशे बारा चुका ओकल्या.
दुसऱ्या रात्री चाळीस.
तिसऱ्या रात्री एकही नाही,
तेव्हा मात्र मला भीती वाटली.

पेनड्राइव्ह मुठीत धरून गेले.
चन्नव्वांनी दोनदा टिचकी मारली.
राखाडी चौकट, लाल फुली.
“एनो इल्ल अंतैति,” त्या म्हणाल्या,
काहीतरी नाही म्हणतंय.

मग एकेक लायब्ररी हुडकून शेजारी ठेवली,
परगावी कामाला निघालेला सुतार
पटाशी आपलीच नेतो, तशी.
परत गेले. खिडकी उघडली.
बटणांवर वरती कन्नड, खाली मराठी लिहिली होती मी,
दोन्हींच्या जागी रिकामे चौकोन,
सारखेच, सारख्या अंतरावर.
या गावात पाट्यांवरून काय काय होऊन गेलंय;
चन्नव्वा चौकोनांकडं बघून इतक्या हसल्या
की चहा सांडला.

फॉन्टही पाठवले.
आणि मार्चअखेरीला वर्षाची बेरीज आली:
उणे दोन हजार चौऱ्याण्णव टन.
“लोखंड आम्हीच देणं लागालोय की काय गं?”

दोन दिवस मी ओळ न् ओळ चाळली.
माझ्याकडं लाँग म्हणजे आठ बाइट,
तिकडं चारच.
शब्द तोच, स्पेलिंग तेच, कंपायलरनं हूं की चूं केलं नाही,
आणि ग्रॅममध्ये मोजलेले बावीसशे टन
भांडं भरून उलटे झाले.

हे मी जेवताना बाबांना सांगितलं.
एकतीस वर्षं पॅटर्न केले त्यांनी, सागवानात,
दुसऱ्यांनी ओतायच्या लोखंडासाठी.
काही बोलले नाहीत. हात धुतला,
खणातून पितळी पट्टी काढून माझ्या पट्टीशेजारी ठेवली.
शून्याला शून्य जुळलं,
बारापाशी जुळेना.
“ह्यातला इंच लांबट असतोय.
लोखंड थंड होताना आकसतं. फुटामागं एक सूत.
लाकूड कापतानाच ते धरायचं.”
मग थोडं थांबून,
“तुझ्या त्या मशीनची पट्टी कुठाय?”

त्यांनी केलेल्या पंपांतला एकही
पाणी खेचताना त्यांनी पाहिलेला नाही.
हे मी विचारलं नव्हतं,
भांडी घासताना आईनंच सांगितलं.

रात्री मी सगळीकडचा लाँग खोडला,
जिथं तिथं चौसष्ट असं आकड्यातच लिहिलं.

सोमवारी बेरीज बरोबर आली.
चन्नव्वांनी पावती फाडली, उजेडात धरली,
कागद जरा तिरका कापला जातोय म्हणाल्या.
निघताना माझं लक्ष कोपऱ्यातल्या घड्याळाकडं गेलं,
मशीन अकरा मिनिटं पुढं.
मी माउस उचलला,
तर त्यांनी मनगटच धरलं:
“त्येला हात लावू नको बाई,
आमचा भोंगा त्येच्यावर वाजतोय.”