दोन वाव

दाभोळच्या जेटीवर मुश्ताकभाईंच्या जुन्या फोनवर
फेऱ्यांचं पान सगळं एकाच रंगाचं.
माझ्याकडे शेवटची फेरी लाल.

ब्राउझरला विचारलं, हा सिलेक्टर कळतो?
हो म्हणाला.

“नकाशात इथं दोन वाव,” मुश्ताकभाई म्हणाले
आणि बांबू खुपसला.
गुडघ्याएवढाच भिजला.

मग मीही पानाच्या कडेला, नजरेआड,
एक डबा ठेवला, त्याच्या पोटात एक डबी.
म्हटलं, पोटात डबी असलेले डबे मोज.
शून्य.
डबा उचलून टाकला. खोटं बोलला नव्हता तो,
नुसतं नाव ऐकून होता.

त्याच्यासाठी जावास्क्रिप्टमधून लांबची वाट लिहिली,
एकेक ओळ उघडून बघणारी.

शेवटची फेरी लाल झाली तेव्हा
बोट पलीकडे
धोपाव्याला लागत होती.